विलीनीकरण कंपन्यांचे, हिशेब वैमानिकांचा

ऑक्टोबर २०२४ मध्ये, पूर्वी एअर एशिया इंडिया म्हणून ओळखली जाणारी कंपनी एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये मिसळून गेली. पुढच्याच महिन्यात विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. कागदावर असे विलीनीकरण एका दिवसात पार पडते. विमानांना नवा रंग देता येतो, तिकिटावरचे नाव बदलता येते, कर्मचाऱ्यांना नवा गणवेशही शिवून देता येतो. पण त्या दिवसापासून एकाच कक्षात शेजारी बसणारे दोन वैमानिक दोन वेगळ्या करारांतून आलेले असतात. त्यांच्या वेतनाचे दर वेगळे, विश्रांतीचे नियम वेगळे आणि सेवाज्येष्ठतेच्या याद्याही वेगळ्या. हा हिशेब कोणी, केव्हा आणि कोणत्या तत्त्वावर जुळवायचा, हा विलीनीकरणातील सर्वांत अवघड प्रश्न असतो आणि बहुधा तोच शेवटी हाती घेतला जातो.

वैमानिकांच्या पगाराची चिंता आपण का वाहावी, असे एखाद्या शिक्षकाला किंवा कारकुनाला वाटले, तर त्यात वावगे काही नाही. मोठ्या कंपनीतील ज्येष्ठ वैमानिकाचे वेतन ऐकून सहानुभूती वाटावी असे ते नसते. परंतु अमेरिकेतील प्रादेशिक विमान कंपन्यांचा गेल्या दोन दशकांचा इतिहास पाहिला, म्हणजे हा प्रश्न केवळ एका सुस्थित वर्गाच्या पगाराचा नाही, हे ध्यानात येते. कामाचा दर आणि कामाचा नियम यांतील अंतर किती मोठे असते आणि त्याची किंमत अखेर कोणाला मोजावी लागते, याचे तो इतिहास म्हणजे एक स्वच्छ उदाहरण आहे.

नाव एकाचे, विमान दुसऱ्याचे

अमेरिकेत मोठ्या विमान कंपन्या लहान शहरांकडे जाणारी उड्डाणे बहुधा स्वतः चालवीत नाहीत. ते काम प्रादेशिक कंपन्यांकडे सोपविलेले असते. तिकीट मोठी कंपनी विकते, भाडे आणि वेळापत्रक तीच ठरविते, विमानावर रंगही तिचाच असतो; विमान उडविणारे वैमानिक मात्र दुसऱ्याच कंपनीचे नोकर असतात. एस.टी.चा रंग आणि खाजगी मालकाची गाडी व चालक, असा प्रकार आपल्याकडे भाडेतत्त्वावरील गाड्यांत दिसतो. तशातलाच हा प्रकार. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील देशांतर्गत उड्डाणांपैकी जवळपास निम्मी अशा प्रादेशिक कंपन्या करीत होत्या आणि आपण नेमके कोणाच्या विमानात बसलो आहोत, याची पुष्कळ प्रवाशांना कल्पनाही नसे.

या व्यवस्थेचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. मोठी कंपनी प्रादेशिक कंपनीला ठराविक मोबदला देते. भाडे आपण ठरवायचे नाही, इंधनाचा भार बहुतेक वेळा मोठ्या कंपनीवर आणि विमानांचे हप्ते ठरलेले. मग प्रादेशिक कंपनीला काटकसर करावयास जागा उरते ती मुख्यतः मनुष्यबळात. तेथील वैमानिक जुने झाले, वेतनश्रेणीत वर चढले, की ती कंपनी महाग ठरते आणि पुढचे कंत्राट नवख्या वैमानिकांच्या स्वस्त कंपनीकडे जाते. इतरत्र अनुभवी नोकरवर्ग ही संस्थेची पुंजी समजली जाते. येथे तो बोजा ठरतो. सिनसिनाटीजवळून चालणाऱ्या कॉमएअर या कंपनीच्या वैमानिकांनी २००१ साली ८९ दिवसांचा संप करून चांगला करार मिळविला. तिची मालकी असलेल्या डेल्टा एअरलाइन्सने २०१२ च्या सप्टेंबरमध्ये ती कंपनीच बंद केली. बंद होण्याची कारणे एकाहून अधिक होती. पण महाग ठरलेल्या नोकरवर्गाचे पुढे काय होऊ शकते, हा धडा इतर कंपन्यांतील वैमानिकांनी त्यातून घेतला, तर त्यांना दोष देता येणार नाही.

तीन कंपन्या, एक मालक

अशाच तीन कंपन्यांची ही हकिकत आहे. मेंफिस येथील पिनॅकल ही लहान जेट विमाने चालवी. व्हर्जिनियातील कोल्गन ही पंख्याची विमाने चालविणारी कंपनी पिनॅकलच्या मालकांनी २००७ साली विकत घेतली. मिनेसोटातील मेसाबा ही तिघींत जुनी. १९४४ साली सुरू झालेली आणि दिवाळखोरीचा एक फेरा अनुभवून बाहेर पडलेली. २०१० च्या जुलैमध्ये तीही डेल्टाकडून पिनॅकलच्या मालकांकडे आली. किंमत होती ६ कोटी २० लाख डॉलर.

मालक एक झाला. वैमानिक मात्र तीन तऱ्हांचे राहिले. मेसाबाच्या वैमानिकांपाशी जुना सामूहिक करार होता. पिनॅकलचा करार २००५ पासून दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होता. कोल्गनच्या वैमानिकांनी संघटना निवडली ती २००८ च्या अखेरीस. त्यांच्या हाती तोवर कोणताच करार नव्हता. पिनॅकलची वाटाघाट इतकी वर्षे का रेंगाळावी? अमेरिकेत विमान कंपन्यांतील कामगारसंबंधांना १९२६ चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे. १९३६ साली तो या व्यवसायाला जोडण्यात आला. त्या कायद्यान्वये कराराची मुदत सरली तरी जुन्या अटी चालू राहतात आणि सरकारी मध्यस्थ मंडळाने मोकळीक दिल्यावाचून संप करता येत नाही. वाहतूक अकस्मात बंद पडू नये हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु जुने दर चालू राहण्यात ज्याचे हित असते, त्या पक्षाला घाई करण्याचे कारण उरत नाही, हेही तितकेच खरे.

बफेलोची रात्र

या तीन कंपन्या एका छत्राखाली येण्याच्या प्रक्रियेच्या मधोमध एक भीषण अपघात झाला. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोकडे जाणारे कोल्गनचे विमान विमानतळाच्या अलीकडे एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक, अशी ५० माणसे प्राणास मुकली. विमानावर नाव होते कॉन्टिनेंटलचे.

चौकशी मंडळाने मुख्य कारण सांगितले ते असे, की विमानाचा वेग धोकादायक रीतीने घटल्याची सूचना मिळाल्यावर कप्तानाने नेमकी उलटी कृती केली. वैमानिकांच्या कामगिरीवर थकव्याचा परिणाम झाला असावा. पण तो किती, हे निश्चित सांगता येत नाही, असेही मंडळाने नमूद केले. हा संयम आपणही पाळला पाहिजे. कमी पगारामुळे विमान पडले, असे सोपे समीकरण मांडणे सत्याला धरून होणार नाही.

तथापि चौकशीत जे जीवन उघडे झाले, त्याने अमेरिकन जनता अस्वस्थ झाली. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिअ‍ॅटलहून, मालवाहू विमानांतून प्रवास करीत नेवार्कला कामावर आली होती. कप्तानाने आदली रात्र विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. नेवार्कसारख्या महाग शहराजवळ घर घेणे वा रात्रीपुरते हॉटेल घेणे अशा वेतनात सोपे नव्हते. सुनावणीत सहवैमानिकेच्या वार्षिक वेतनाचा आकडा आला तो सुमारे १६ हजार डॉलरचा. मागाहून कंपनीने तो २४ हजारांच्या आसपास असल्याचा खुलासा केला. यांपैकी कोणताही आकडा खरा धरला, तरी पन्नास माणसांचे प्राण ज्या हातांवर सोपविले होते, त्या हातांचे ते मोल होते. आणि एकाच व्यक्तीच्या वेतनाचे दोन इतके भिन्न आकडे निघू शकतात, याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे.

दर म्हणजे वेतन नव्हे

वैमानिकाचे वेतन तासावर मोजले जाते. पण तो तास कामाचा नसतो, उड्डाणाचा असतो. विमान आपल्या जागेवरून हलले की घड्याळ सुरू होते आणि इच्छित स्थळी थांबले की बंद पडते. उड्डाणापूर्वीची तयारी, हवामानाचे कागद, दोन उड्डाणांमधील तीन-चार तासांची ताटकळ, परगावच्या हॉटेलातील रात्र, यांपैकी काहीच साधारणपणे त्या तासात येत नाही. आपल्या महाविद्यालयांतील तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांना मोबदला मिळतो तो वर्गातील तासाचा. तासाची तयारी, उत्तरपत्रिका आणि दोन तासांमधील रिकामा वेळ त्यांच्या पदरचा.

म्हणूनच दोन विमान कंपन्यांचे तासाचे दर शेजारी मांडून तुलना केली, की ती फसवी ठरते. एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या कंपनीचा दर तासाला ४० डॉलर, दुसरीचा ३६. पहिली श्रीमंत दिसते. आता दोन्हीकडील सहवैमानिक एका दिवशी बारा तास कामावर राहिले आणि प्रत्यक्ष उड्डाण साडेचार तासांचे झाले, असे समजा. पहिल्या कंपनीत त्याला १८० डॉलर मिळाले. दुसऱ्या कंपनीच्या करारात मात्र एक कलम आहे: कामावरील दर दोन तासांमागे निदान एका तासाचे वेतन दिलेच पाहिजे. तेथे सहा तासांचे २१६ डॉलर झाले. दर कमी, वेतन अधिक.

अशा कलमाचा खरा लाभ वेतनापुरताच नाही. वैमानिकाला रिकामे बसविण्याचे पैसे द्यावे लागतात, हे कळले की कंपनीचे वेळापत्रक आपोआप आटोपशीर होते आणि बारा तासांचा दिवस नऊ तासांत बसू लागतो. उड्डाण रद्द झाले तर त्याचे वेतन मिळते की नाही, महिन्याला किती तासांची हमी आहे, घरी राखीव म्हणून थांबलेल्या वैमानिकाला किती अवधीत हजर व्हावे लागते, प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी पाठविले तर तो वेळ मोजतात की नाही, महिन्यात पूर्ण सुटीचे दिवस किती, या सर्व कलमांची बेरीज म्हणजे वेतन. दराचा तक्ता एका पानाचा असतो, नियमांचे पुस्तक शेकडो पानांचे. वर्तमानपत्रांत येते ते पान, आणि वैमानिक जगतो ते पुस्तक.

यादीतील क्रमांक

वेतन आणि नियम यांच्याही वर एक गोष्ट आहे, ती सेवाज्येष्ठता. कोणत्या शहरात नेमणूक, कोणते विमान, दिवाळी-नाताळात सुटी कोणाला, कप्तानपदाची बढती केव्हा आणि मंदी आली तर घरी आधी कोण, हे सर्व यादीतील क्रमांकावर ठरते. शिवाय हा क्रमांक एका कंपनीतून दुसरीत नेता येत नाही. वीस वर्षांचा कप्तान नवीन कंपनीत गेला, तर तळापासून सुरुवात. दोन शाळांचे एकत्रीकरण झाले म्हणजे मुख्याध्यापकपदाच्या वाटेवरील शिक्षकांत जे वातावरण तयार होते, ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना विलीन कंपन्यांतील वैमानिकांच्या मनःस्थितीची कल्पना येईल.

याद्या एकत्र करताना नेमणुकीची तारीख धरावी, तर जुन्या पण मंदावलेल्या कंपनीचे लोक वर जातात. पद व विमानाचा प्रकार पाहून प्रमाणशीर मिसळावे, तर वाढत्या कंपनीतील तरुण कप्तानांचे साधते. दोन्ही बाजूंना आपापला न्याय असतो. यूएस एअरवेज व अमेरिका वेस्ट या मोठ्या कंपन्यांचे विलीनीकरण २००५ साली झाले, लवादाने २००७ मध्ये यादीचा निवाडाही दिला; पण एका गटाने तो मानला नाही आणि वैमानिकांचे दोन तट पुढे कित्येक वर्षे एकाच कंपनीत वेगळे नांदले. याच २००७ च्या अखेरीस अमेरिकन काँग्रेसने कायदा केला, की विमान कंपन्या विलीन होताना ज्येष्ठतेच्या याद्या न्याय्य व समतोल रीतीने एकत्र झाल्या पाहिजेत आणि एकमत न झाल्यास प्रश्न लवादाकडे गेला पाहिजे.

पिनॅकल, कोल्गन आणि मेसाबाच्या वैमानिकांनी या बाबतीत शहाणपण दाखविले, असे म्हणावे लागेल. त्यांनी परस्परांशी भांडत बसण्याऐवजी एकत्र वाटाघाट केली. २०११ च्या फेब्रुवारीत जवळपास तीन हजार वैमानिकांना एकच करार लागू झाला आणि त्याच वर्षी लवादाने एकच यादी दिली. कोल्गनच्या वैमानिकांना प्रथमच लेखी नियमांचे संरक्षण लाभले. याउलट एक्स्प्रेसजेट ही दुसरी विलीन प्रादेशिक कंपनी पाहावी. तेथील संयुक्त कराराचा मसुदा वैमानिकांनी २०१४ साली मतदानात फेटाळला आणि दोन गट दोन करारांखाली काम करीत राहिले.

न्याय मिळाला, टिकला नाही

येथवर ही हकिकत समाधानाची आहे. पण १ एप्रिल २०१२ रोजी पिनॅकलने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. निरनिराळी विमाने आणि निरनिराळी कंत्राटे एका संसारात बसविण्याचा खर्च पेलला नाही. कोल्गनची उड्डाणे त्याच वर्षी थांबली. २०१३ च्या प्रारंभी वैमानिकांनी वेतनकपातीचा करार मान्य केला. न करते तर कंपनीच राहते की नाही, अशी स्थिती होती. कंपनी डेल्टाच्या मालकीची झाली आणि एंडेव्हर एअर हे नवे नाव घेऊन पुढे चालू लागली. सहा वर्षे झगडून मिळविलेली समता दोन वर्षांच्या आत कमी दरावर येऊन थांबली.

याचा अर्थ एकीकरण निरर्थक होते, असा नव्हे. अर्थ इतकाच, की तीन कंपन्यांच्या वैमानिकांत समता आणणे त्यांच्या हाती होते. त्या समतेची किंमत ठरविणे मात्र त्यांच्या मालकाच्याही हाती नव्हते. ती ठरत होती विमानावर ज्याचे नाव रंगविलेले होते, त्या कंपनीच्या कचेरीत.

टिकले ते दुसरेच काही. बफेलोच्या अपघातात दगावलेल्यांच्या कुटुंबीयांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१० साली काँग्रेसने विमानसुरक्षेचा कायदा संमत केला. प्रवासी विमानाच्या सहवैमानिकालाही सामान्यतः १५०० तासांचा अनुभव आवश्यक ठरला. तिकीट विकताना प्रत्यक्ष विमान कोणती कंपनी चालविणार, हे स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले. २०१४ च्या जानेवारीपासून कामापूर्वी सलग दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी, असा नियम प्रवासी विमानांना लागू झाला. मालवाहू विमाने त्यातून वगळली गेली, ही त्या सुधारणेतील उणीव. परंतु हा नियम सर्व प्रवासी कंपन्यांना सारखाच असल्याने स्वस्त कंपनीने विश्रांती कापून कंत्राट मिळविण्याची वाट तरी बंद झाली. आणि वैमानिकांचा तुटवडा जाणवू लागताच २०२२ मध्ये याच प्रादेशिक कंपन्यांत नवख्या सहवैमानिकाचा दर तासाला ९० डॉलरपर्यंत गेला. इतकी वर्षे जे परवडत नव्हते, ते माणसे मिळेनाशी होताच परवडू लागले. तुटवडा संपला की दर पुन्हा खाली येऊ शकतो. कायद्याने दिलेली विश्रांती तशी खाली येत नाही.

आपण काय शिकलो?

भारतातील अनुभव याहून निराळा नाही. २००७ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक करण्यात आल्या. वेतन, नियम आणि ज्येष्ठता यांचा प्रश्न मात्र मागाहून पाहू, म्हणून ठेवून देण्यात आला. परिणाम व्हायचा तोच झाला. २०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमतेसाठी दहा दिवस संप केला. त्यांच्या तक्रारीचा गाभा दराचा नव्हता. प्रत्यक्ष उड्डाणाच्या तासांऐवजी ठराविक तासांच्या मोबदल्याची हमी मिळावी, हा होता. म्हणजे पुन्हा नियमाचाच प्रश्न. २०१२ मध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी ५८ दिवस काम बंद ठेवले. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाला का, हा त्यांचा आक्षेप होता. न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल त्याच वर्षाच्या प्रारंभी आला. विलीनीकरण झाले होते त्याला तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती. जे काम विलीनीकरणाच्या आधी व्हावयाचे, ते संप, न्यायालये आणि बडतर्फीनंतर हाती घेतले गेले.

एक गोष्ट मात्र नोंदविण्याजोगी आहे. टाटांकडे कंपनी गेल्यावर २०२३ साली वेतनाची नवी रचना पुढे आली आणि हमीचे तास ७० वरून ४० वर आणण्याचे ठरले, तेव्हा दहा वर्षांपूर्वी परस्परांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दोन्ही संघटनांनी एकत्र विरोध केला. एकमेकांच्या ताटातील वाटीकडे पाहण्यात गेलेली वर्षे वाया गेली, हे त्यांना उशिरा का होईना उमगले.

विश्रांतीच्या नियमांबाबत आपली परीक्षा अद्याप चालू आहे. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या अवतरणांवर मर्यादा घालणारे नियम २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाले, पुढे ढकलले गेले आणि न्यायालयीन लढ्यानंतर २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. त्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकून पडले आणि नियामकाने त्या कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट दिली. प्रवाशांचे हाल थांबविणे आवश्यक होते, यात शंका नाही. पण जवळजवळ दोन वर्षांची पूर्वसूचना असताना पुरेसे वैमानिक न नेमण्याचा भार अखेर विश्रांतीच्या नियमाने सोसावा, हा पायंडा चांगला नव्हे.

तेव्हा यापुढे विमान कंपन्यांच्या विलीनीकरणाला संमती देताना सरकारने भागभांडवल आणि मार्ग यांच्याइतकेच लक्ष या तीन गोष्टींकडे दिले पाहिजे. ज्येष्ठतेची एकच यादी विलीनीकरणापूर्वी किंवा निश्चित मुदतीत तयार व्हावी, एकमत न झाल्यास निःपक्ष लवादाचा निर्णय उभयपक्षी बंधनकारक असावा आणि वेतनाची तुलना दराच्या तक्त्यावरून न करता नियमांसह व्हावी. विश्रांतीचा नियम मात्र या सौदेबाजीच्या बाहेरच ठेवला पाहिजे. तो वैमानिकाला दिलेली सवलत नाही. मागे बसलेल्या प्रवाशाशी केलेला तो करार आहे, आणि त्या प्रवाशाला वाटाघाटीच्या टेबलाशी कोणी बोलावीत नाही.